आमचं हाय सॅम्पल

सकाळचे पावणेआठ. केणीकाका माझ्या केबिनच्या दारात उभे होते, शर्टाच्या दोन्ही बाह्या कोपराच्या वर सरकवलेल्या. डाव्या हातावर कापसाचे दोन बोळे, उजव्यावर एक.

"तीनदा टोचलं, मॅडम," ते म्हणाले. "शेवटी प्रशांतने काढलं. वैजयंतीला बरं नाही का?"

केणीकाका लालबागचेच. वीस वर्षं दर तीन महिन्यांनी शुगर करायला आमच्याकडे येतात. तक्रार करणाऱ्यातले नाहीत. ते गेल्यावर मी वैजयंतीला आत बोलावलं आणि काय झालं ते विचारलं. शीर सापडत नव्हती, एवढंच ती म्हणाली. केणीकाकांची शीर दोरीसारखी आहे, डोळे मिटूनही सापडेल. मी तसं बोलून दाखवलं. बाहेर पेशंट थांबलेत, असं म्हणून ती गेली.

महिन्याभरातली ही चौथी तक्रार होती.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. लालबागच्या मार्केटमागच्या गल्लीत तळमजल्यावर आमची लॅब आहे, तीन खोल्यांची. आम्ही सहाजण. प्रशांत मशीन चालवतो, मी रिपोर्ट तपासून सही करते, आणि रक्त काढायचं काम वैजयंती घाडीचं. या कामाला फ्लेबॉटॉमिस्ट असा भारदस्त शब्द आहे. पेशंट मात्र तिला 'रक्तवाली ताई' म्हणतात.

ती चौदा वर्षं माझ्याकडे होती. दिसणाऱ्या शिरेतून रक्त काढणं कोणालाही जमतं. केमोथेरपीने शिरा करपलेला माणूस, ऐंशी वर्षांची म्हातारी, दोन महिन्यांचं बाळ, हे तिच्याकडे यायचे. दंडाला पट्टा बांधायची, ग्लोव्ह्ज घालायच्या आधी तर्जनीचं टोक कातडीवर ठेवायची आणि क्षणभर थांबायची. एखादी मालवणी आजी घाबरली की, "काय नाय गो आजी, मूठ धर बघू," म्हणायची आणि आजीचं बोलणं संपायच्या आत ट्यूब भरलेली असायची. परळच्या मोठ्या हॉस्पिटलांतून पेशंट तिचं नाव घेऊन आमच्याकडे यायचे. लॅबवर बोर्ड माझ्या नावाचा होता, पण मला माहीत होतं की माणसं तिच्या हातासाठी येतात.

आता ती टोचत होती आणि चुकत होती. सात ते साडेनऊ ही आमची गर्दीची वेळ. उपाशीपोटी द्यायची सगळी रक्तं तेव्हाच येतात. नेमकी तेव्हाच ती चुकायची. दहानंतर मात्र तिचं काम पूर्वीसारखंच, एका टोचण्यात. त्यावरून मी माझा निष्कर्ष काढला. हिचं सकाळी कामात लक्ष नसतं. नायगावची चाळ रिडेव्हलपमेंटला गेल्यापासून ती नवरा आणि मुलीबरोबर ट्रान्झिट कॅम्पात राहत होती. घरचे ताण असणार, झोप होत नसणार. शिवाय प्रशांतने एकदा सांगितलं होतं की ती हल्ली सव्वासहालाच येते, पण पँट्रीत बसून असते. मी मनात नोंद केली. लवकर येते आणि बसून राहते.

त्या आठवड्यात मी तिला मेमो दिला. सकाळच्या कामात निष्काळजीपणा, पेशंटच्या तक्रारी, सुधारणा न झाल्यास वगैरे. सकाळी सात ते दहा तिला रिसेप्शनवर बसवलं आणि सुईचं काम प्रशांतकडे दिलं. मेमोच्या कॉपीवर तिने माझ्यासमोर सही केली. चौदा वर्षं तिची सही मी रोज रजिस्टरमध्ये बघत होते, गोल आणि सुबक. ही सही वाकडी, तुटकतुटक आली. रागाने केली असेल असं मला वाटलं. वेळ होती सकाळी साडेसातची.

आता थोडं मागे जाते, कारण खरी गोष्ट त्या आधीची आहे.

दिवाळीनंतर आम्ही आमच्या लॅबमध्ये एक नवी टेस्ट सुरू केली होती. एचएस-सीआरपी. सीआरपी म्हणजे लिव्हरमध्ये तयार होणारं एक प्रथिन. शरीरात कुठेही दाह असला, म्हणजे जंतुसंसर्ग, मार, सूज काहीही, की लिव्हर ते जास्त बनवतं. न्यूमोनियात ते शंभरावर जातं, आणि ते साध्या सीआरपी टेस्टमध्येही कळतं. पण काही माणसांत दाह मंद असतो. ताप नाही, सूज दिसत नाही, माणूस कामावर जातो, जेवतो, आणि आत मात्र काहीतरी बारीक आचेवर चालूच असतं. इतकं थोडं वाढलेलं सीआरपी नीट मोजायला जी जास्त संवेदनशील टेस्ट लागते, ती एचएस-सीआरपी. एचएस म्हणजे हाय सेन्सिटिव्हिटी. एकच्या खाली चांगलं. एक ते तीन मध्यम. तीनच्या वर राहिलं तर हृदयविकाराचा धोका जास्त धरतात. दहाच्या वर गेलं तर बहुधा ताजं इन्फेक्शन असतं, ते बरं झाल्यावर पुन्हा करायचं.

ही टेस्ट एक गोष्ट सांगत नाही. दाह कुठे आहे. हिरड्या सुजल्या असतील, पोटाभोवती चरबी असेल, सिगारेट असेल, सांधे असतील, कुठेतरी लपलेला टीबी असेल. आकडा फक्त सांगतो की काहीतरी आहे. पुढचं माणसाला विचारायचं असतं.

हे सगळं मला तेव्हाही तोंडपाठ होतं.

नवं किट आलं की ते तपासून घ्यावं लागतं. कंपनी त्यासाठी कंट्रोल म्हणून एक द्रव देते, ज्यातला आकडा आधीच माहीत असतो. त्याशिवाय आम्ही खऱ्या माणसांची रक्तंही चालवून बघतो. पहिल्या दिवशी आम्ही सहाही जणांनी आपापलं रक्त दिलं. प्रशांतचं ०.६ आलं, माझं २.३. वैजयंतीचं ७.९.

मी तिला विचारलं, सर्दीखोकला झाला होता का. मागच्या आठवड्यात घसा दुखत होता, असं ती म्हणाली. मग त्यामुळेच, मी म्हटलं, दोन आठवड्यांनी पुन्हा करू. इथपर्यंत माझं काही चुकलं नव्हतं. दोन आठवड्यांनी पुन्हा केलं. ८.४.

त्या सकाळी मी काय बोलले ते मला स्पष्ट आठवतं. मी म्हटलं, थोडं वजन कमी कर, तळलेलं कमी खा. आणि मग प्रशांतकडे वळून म्हटलं, "बरं झालं. आपल्याला हाय सॅम्पल मिळालं."

त्याचं असं होतं की किटची नवी बॅच आली की जुनी आणि नवी बॅच एकाच रक्तावर चालवून बघावी लागते. दोन्हींचा आकडा जुळला पाहिजे. त्यासाठी एक कमी आणि एक जास्त आकड्याचं रक्त हवं. कमीचं सहज मिळतं. जास्तीचं, तेही सात-आठच्या आसपासचं, हवं तेव्हा कुठून आणायचं? ज्याचा आकडा सारखा आठच्या घरात राहतो असा माणूस आमच्या लॅबमध्येच होता. बॅच बदलली की प्रशांत वैजयंतीला हाक मारायचा. ती बाही वर करून बसायची. फाईलमध्ये तो 'हाय – व्ही.जी.' असं लिहायचा. व्ही.जी. म्हणजे वैजयंती घाडी. व्ही.जी. म्हणजे व्हेरी गुड, असं तो एकदा म्हणाला आणि आम्ही सगळे हसलो. तीही हसली.

प्रत्येक वेळी त्या पानाखाली मी सही केली. दोन्ही बॅचचे आकडे जुळतात की नाही, एवढं बघून.

मेमो दिल्यानंतर महिनाभराने दादरच्या एका महिला मंडळाने मला भाषणाला बोलावलं. शिवाजी पार्कजवळचा छोटा हॉल, दुपारी चारची वेळ, पन्नासेक बायका. विषय मीच दिला होता, शरीरातला छुपा दाह. मी स्लाइड्स केल्या होत्या. बोलणं चांगलं झालं. मी त्यांना सांगितलं की आकड्याला घाबरू नका, पण आकडा पुन्हापुन्हा वर आला तर गप्पही बसू नका. डॉक्टरांनी तुम्हाला दहा प्रश्न विचारले पाहिजेत. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं का? सकाळी उठल्यावर सांधे धरतात का? वजन उतरतंय का? नाही विचारले तर तुम्ही विचारा. बायका वह्यांत लिहून घेत होत्या.

प्रश्नोत्तरांत कोणीतरी विचारलं, बाहेरून ठणठणीत दिसणाऱ्या माणसाचाही आकडा जास्त येऊ शकतो का. मला वाटलं, याला छान उदाहरण आहे. मी हसत सांगितलं की आमच्याच लॅबमधल्या एका मुलीचा आकडा कायम आठच्या आसपास असतो, रोज कामावर येते, धडधाकट आहे, आम्ही तर तिचं रक्त मशीन तपासायला वापरतो.

थोडं हसू झालं. पहिल्या रांगेत देवधरबाई बसल्या होत्या, गिरगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी वहीतून डोकं वर काढलं.

"मग तिला काय झालंय?" त्यांनी विचारलं.

त्यात खोच नव्हती. विद्यार्थ्याने गणित अर्ध्यावर सोडलं तर शिक्षक पुढची पायरी विचारतो, तसं त्यांनी विचारलं. मी मागे वळून बघितलं. पडद्यावर माझ्याच दहा प्रश्नांची स्लाइड होती. त्यातला एकही मी तिला विचारला नव्हता. तपासण्या चालू आहेत, असं मी म्हटलं. ते खोटं होतं. देवधरबाईंनी मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं. मग मला नारळ आणि शाल दिली. ती घेताना मला कोणाकडे बघवत नव्हतं.

टॅक्सी करून मी तडक लॅबला आले. वैजयंतीची ड्यूटी अडीचलाच संपते, ती घरी गेली होती. मी बॅच तपासणीची फाईल काढली. नऊ महिन्यांत आठ नोंदी. ७.९, ८.४, ८.१, ८.८, ९.२ आणि पुढे तसेच. एकदाही सातच्या खाली नाही. आठही पानांवर माझी सही. मग मी तक्रारींचं रजिस्टर काढलं. प्रत्येक तक्रार साडेनऊच्या आतली. दोन्ही रजिस्टरं माझ्याच कपाटात, एकाच खणात होती. पॅथॉलॉजीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासमोर ती दोन पानं ठेवली असती तर त्याने निदान सांगितलं असतं. सकाळी सांधे आखडतात, दिवस चढला की सुटतात, आणि रक्तात दाह. संधिवात. म्हातारपणात गुडघे झिजतात तो नव्हे. दुसरा, ज्यात शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच सांध्यांवर उठते. र्‍हुमॅटॉइड.

दुसऱ्या दिवशी मी सव्वासहाला लॅबमध्ये पोचले. सातच्या आत मी कधी येत नाही, त्यामुळे झाडूवाल्या मावशीही दचकल्या. पँट्रीत गेले. वैजयंती सिंकपाशी उभी होती. समोर स्टीलचं पातेलं, त्यातून वाफा येत होत्या. तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत त्या पाण्यात होते.

मला बघून ती घाईघाईने हात पुसायला लागली. गॅस फक्त पाच मिनिटं चालू ठेवते, असं म्हणाली. तिला वाटलं मी गॅसवरून बोलणार. मी तिला बसायला सांगितलं आणि मूठ मिटून दाखव म्हटलं. बोटं अर्ध्यावर येऊन थांबली. बोटांच्या मुळाशी चार उंचवटे असतात ते तिच्या हातावर दिसतच नव्हते, तिथे मऊ सूज होती, दोन्ही हातांवर सारखीच. मी तिचा हात आडवा धरून हलकेच दाबला. तिने श्वास आत ओढला. तिच्या लग्नातली अंगठी मंगळसूत्रात ओवलेली मी कित्येक महिने बघत होते. नवी फॅशन असेल, असं मला वाटलं होतं. अंगठी बोटात जात नव्हती म्हणून ती तिथे होती.

मी एकेक प्रश्न विचारला, स्लाइडवरच्याच क्रमाने. हात कधीपासून धरतात? मागच्या दिवाळीच्या आधीपासून. किती वाजता सुटतात? साडेनऊ-दहा. पाय? सकाळी पहिलं पाऊल टाकताना तळव्यात दुखतं. औषध काय घेतलंस? मेडिकलमधून दुखण्याची गोळी, आणि बाम. ट्रान्झिट कॅम्पात खालून पाण्याच्या बादल्या आणाव्या लागतात, त्याने होत असेल असं तिला वाटलं होतं.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. हा प्रश्न विचारायचा मला काहीच अधिकार नव्हता, पण तो तोंडातून गेला.

तिने पातेल्यातलं पाणी ओतून दिलं. मग म्हणाली, "तुम्ही दर महिन्याला माझं रक्त बघत होता ना, मॅडम. मला वाटलं, काही असतं तर तुम्ही बोलला असतात."

ती हे साधेपणाने म्हणाली. मला वाटतं ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. या बाईने माझ्या सहीवर भरवसा ठेवला होता. दर महिन्याला बाही वर करून बसताना तिला वाटत होतं की तिची तपासणी होते आहे. मी मात्र किट तपासत होते. तिचे हात तिला साथ देत नव्हते, तिला वाटत होतं वय झालं, मन लागत नाही, आपलंच काहीतरी चुकतंय. आणि मी मेमोत तेच लिहून तिच्या हातात दिलं होतं.

त्याच सकाळी मी तिचं रक्त घेतलं. मी स्वतः काढलं, कित्येक वर्षांनी, आणि पहिल्यांदा चुकले. तिनेच मला बोटाने जागा दाखवली. र्‍हुमॅटॉइड फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या दोन टेस्ट केल्या. या आजाराच्या माणसांत बहुधा या पॉझिटिव्ह येतात. दोन्ही आल्या, चांगल्याच जोरात.

आठवड्याच्या आत तिला घेऊन मी परळच्या एका हॉस्पिटलमधल्या र्‍हुमॅटॉलॉजिस्टकडे गेले. असे आजार बघणारे खास डॉक्टर. निघताना मी ती फाईल पर्समध्ये टाकली. डॉक्टर तरुण होते, चाळिशीच्या आतले. त्यांनी तिचे एकेक सांधे मोजले, मग एक्स-रे लाइटवर लावला. उजव्या हाताच्या तर्जनीच्या आणि मधल्या बोटाच्या मुळाशी हाडाची कड कुरतडल्यासारखी दिसत होती. मलाही दिसली, सांगावं लागलं नाही.

"हे झालंय ते परत येत नाही," डॉक्टर तिला म्हणाले. "पुढचं थांबवू. लवकर औषध सुरू झालं असतं तर बहुतेक हेही वाचलं असतं." मग त्यांनी आमच्या दोघींकडे बघून विचारलं, "आधी कधी सीआरपी वगैरे काही केलं होतं का?"

फाईल माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये होती. चेन अर्धी उघडी होती. मी उत्तराची जुळवाजुळव करत होते. तेवढ्यात वैजयंती बोलली.

"मीच कोणाला सांगितलं नव्हतं, सर. अंगावर काढलं."

डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहायला लागले. त्यांनी मला फक्त तिच्या सोबत आलेली लॅबची मॅडम म्हणून धरलं होतं. एका वाक्यात मी सगळं सांगू शकले असते. मी पर्सची चेन लावली.

हे लिहिताना मला सगळ्यात जड जातंय ते हेच. आधीचं सगळं दुर्लक्ष होतं. दुर्लक्ष कोणाकडूनही होतं, असं स्वतःला समजावता येतं. हे मात्र मी पूर्ण शुद्धीत केलं. चौदा वर्षं माझ्या हाताखाली काम केलेल्या, माझा मेमो पदरात असलेल्या बाईने माझी अब्रू राखायला स्वतःवर दोष घेतला, आणि मी तो तिला घेऊ दिला. खाली येताना लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो. तिने मला विचारलं, चहा घेणार का.

मेथोट्रेक्सेट नावाची गोळी सुरू झाली, आठवड्यातून एकदाच घ्यायची. त्या गोळीने लिव्हरवर आणि रक्तावर परिणाम होऊ शकतो म्हणून नियमित तपासण्या लागतात. औषध लागू पडायला दीड-दोन महिने जातात. तोवर ती सकाळी रिसेप्शनवरच बसली. आता ते तिच्यासाठी बरंच होतं, पण तिथे बसवलं होतं मी शिक्षा म्हणून, आणि हे लॅबमध्ये सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या व्हिजिटच्या आदल्या दिवशी मी सगळ्या स्टाफला आत बोलावलं. आठ नोंदींची पानं टेबलावर ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. दादरच्या हॉलपासून ते पर्सच्या चेनपर्यंत. मेमो मी मागे घेते, असं म्हटलं आणि तिची माफी मागितली. प्रशांत जमिनीकडे बघत होता. त्या 'व्हेरी गुड'चं त्याला लागलं असणार. पण त्याने फक्त लेबल लावलं होतं, सही माझी होती. वैजयंती म्हणाली, "राहू दे मॅडम, झालं ते झालं." ते माफ केल्यासारखं वाटलं नाही. सगळ्यांच्या समोर हे चाललंय, ते लवकर संपावं, एवढंच तिला वाटत असावं. माफीसुद्धा मी माझ्या सोयीने, माझ्या केबिनमध्ये मागितली होती, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरांपुढे मी फाईल ठेवली. या बाईने अंगावर काढलं नव्हतं, हे आकडे माझ्या लॅबमध्ये नऊ महिने पडून होते, असं सांगितलं. त्यांनी पानं चाळली. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. त्यांनी फक्त विचारलं की याच्या झेरॉक्स मिळतील का, औषधाने किती फरक पडतो ते बघायला जुने आकडे उपयोगी पडतील. मी खाली जाऊन झेरॉक्स काढून आणल्या.

चार महिन्यांत तिची मूठ मिटायला लागली. तर्जनी थोडी वाकडी राहिली, पण तिचं टोक पुन्हा शीर ओळखायला लागलं. केणीकाकांचं रक्त तिने एका टोचण्यात काढलं आणि काका माझ्या केबिनमध्ये मुद्दाम सांगायला आले. मला वाटलं, आता सुरळीत झालं.

त्यानंतर दोन महिन्यांनी तिने राजीनामा दिला. वरळीला एक कलेक्शन सेंटर निघालं होतं, तिथे तिला दहानंतरची शिफ्ट मिळत होती. सकाळची घाई नाही, मॅडम, असं तिने कारण सांगितलं. तिची शिफ्ट आमच्याकडेही दहाची करता आली असती. मी तसं म्हटलं. ती म्हणाली, हो, पण तिथे आता सांगून झालंय. मी आग्रह केला नाही. शेवटच्या दिवशी तिने नव्या मुलीला अर्धा तास बसवून शिकवलं, बोट कसं ठेवायचं, किती वेळ थांबायचं. सगळ्यांना पेढे दिले, मला वाकून नमस्कार केला. मी तिचा हात धरायला गेले आणि मध्येच थांबले, दुखेल की काय म्हणून. आता नाही दुखत, ती म्हणाली.

आता बॅच तपासायला आम्ही उरलेली सॅम्पल्स वापरतो, ज्यांचे रिपोर्ट पेशंटला आणि त्यांच्या डॉक्टरांना गेलेले आहेत अशीच. स्टाफचं रक्त मशीनसाठी घ्यायचं नाही, हा नियम केला. एचएस-सीआरपी तीनच्या वर आलं की मी पेशंटला स्वतः फोन करते. निम्म्या लोकांना वाटतं, लॅबमधून फोन आला म्हणजे कॅन्सरच. त्यांना आधी शांत करावं लागतं, मग दहा प्रश्न.

मध्यंतरी वैजयंतीने मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक रिपोर्ट पाठवला. तिच्या नव्या सेंटरच्या लॅबमधला. खाली काही लिहिलं नव्हतं. एचएस-सीआरपी २.१. मी सवयीने आधी आकडा बघितला, मग पद्धत, मग सही. सही कोणा पॅथॉलॉजिस्ट मुलीची होती, नाव मला अनोळखी, रजिस्ट्रेशन नंबरावरून नवी वाटत होती. सहीच्या वर शेऱ्याची जागा असते, तिथे आम्ही कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवलेली ठरावीक तीन वाक्यं छापतो. या मुलीने स्वतः टाइप केलं होतं: संधिवातावर उपचार चालू, आधीपेक्षा आकडा बराच उतरला आहे, पेशंटशी बोलले.

तीस वर्षांत मी किती रिपोर्टांवर सह्या केल्या असतील ते मोजता येणार नाही. 'पेशंटशी बोलले' असं त्यातल्या एकावरही लिहिलेलं नव्हतं. हल्ली लिहिते. त्यासाठी आधी खरंच बोलावं लागतं. एका रिपोर्टमागे साधारण दहा मिनिटं जास्त जातात.